घरशाळेची डायरी : आपटा की कांचन?

गेल्या दसऱ्याची गोष्ट. सकाळी उधन्याच्या बाजारातून झेंडू, आंब्याचे टहाळे आणि सोन्याच्या दोन जुड्या आणल्या होत्या. सासूबाईंनी पाटावर विळी, यांचे पाने-पक्कड आणि मुलांच्या वह्या मांडून पूजा केली. संध्याकाळी सोनं वाटायची वेळ झाली, तेव्हा आमची मोठी, वय वर्षे नऊ, एक पान उजेडाकडे धरून म्हणाली, "आजी, हे सोनं नाहीये. हा कांचन आहे."

"सणासुदीला असं बोलू नये," आजी म्हणाल्या. "इथे आल्यापासून हेच पान वाटतोय आम्ही."

"मग इथे आल्यापासून चुकताय."

घरात एकदम शांतता. हे माझ्याकडे बघायला लागले, मी मोठीकडे. घरशाळा करणाऱ्या आईची अशा वेळी फार पंचाईत होते. पोरीला गप्प करावं, तर आठ महिने "नीट बघ, मग बोल" हेच शिकवलेलं. शाबासकी द्यावी, तर सासूबाई दुखावणार. मी दोन्ही केलं नाही. "उद्या सकाळी बघू," म्हणून वेळ मारून नेली आणि सगळ्यांनी तेच सोनं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत आजी-नात दोघी बाहेर पडल्या होत्या. आमच्या सोसायटीच्या मागे उसाची शेतं आहेत आणि कालव्याच्या वाटेवर, बांधावर एक आपटा आहे. तासाभराने परत आल्या तेव्हा सासूबाईंच्या पदरात चार पानं होती. म्हणाल्या, "पोरगी बरोबर बोलली गं. अमळनेरला आमच्या बांधावर होता आपटा. त्याच्या पानाच्या विड्या वळायच्या बायका. हात लावला आणि आठवलं. शहरात आल्यावर बाजारात जे मिळालं तेच सोनं समजत गेलो."

येत्या दसऱ्याला तुम्हीही बघा. आपट्याचं पान लहान, जाड, हाताला जरा खरखरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं. कांचनाचं पान मोठं, पातळ आणि लांबट. दोन्ही एकाच कुळातली आणि दोघांची पानं जोडपानासारखी दुभंगलेली, म्हणून घोटाळा होतो. सगळ्यात सोपी खूण फुलांची. आपटा फुलतो उन्हाळ्याच्या सुमाराला आणि त्याची फुलं फिकट, बारीक असतात. आश्विनात एखाद्या झाडाला मोठी गुलाबी-जांभळी फुलं दिसली, तर तो देवकांचन, आपटा नव्हे. आणि ओळख पटली तरी अख्खी फांदी ओरबाडू नका. आमच्या घरी आता माणशी एकच पान, तेही आजींच्या हातून.

तुमचे प्रश्न

मागच्या अंकांनंतर मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेल्या बऱ्याच जणांनी विचारलं, की हे कायद्यात बसतं का आणि पुढे दहावीचं काय? आधी ते सांगून टाकते.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण, हा त्याचा गाभा. यातली सक्ती मुख्यतः सरकारवर आहे : शाळा उपलब्ध करून देणं, मुलाला तिथे टिकवणं हे सरकारचं काम. कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे, पण ते न केल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. घरशाळेचा उल्लेख कायद्यात नाही, ना परवानगी म्हणून, ना बंदी म्हणून. म्हणजे आम्ही चाललो आहोत तो रस्ता पक्का डांबरी नाही. हे तुम्हाला नीट माहीत असावं.

परीक्षेचं म्हणाल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला सगळे एनआयओएस म्हणतात, ती १९८९ पासून आहे. वयाची १४ वर्षं पूर्ण झाली की तिच्याकडून दहावीला बसता येतं आणि ती दहावी पुढच्या शिक्षणासाठी चालते. आमचा विचार तोच आहे. मोठीला मधेच शाळेत जावंसं वाटलं, तर वयानुसार वर्गात प्रवेश मिळायची सोय शिक्षण हक्क कायद्यातच आहे.

शाळा का सोडली? शाळा वाईट नव्हती. पण हायवेवरच्या ट्रकांच्या गर्दीत जाण्यायेण्याचे मिळून रोजचे अडीच तास बसमध्ये जायचे. दुसरीतली पोर घरी येऊन जेवायच्या आधी झोपायची. आम्ही एक वर्ष करून बघू म्हणालो, त्याला आता दोन झाली. धाकटा सहाचा आहे, तो अजून शाळेत गेलेलाच नाही.

आश्विनाचं वेळापत्रक

आमच्या घरशाळेत गणित, मराठी, गुजराती, इंग्रजी रोज सकाळी दोन तास होतं. त्यात गंमत सांगण्यासारखं काही नाही. पाढे हे पाढेच असतात, घरी म्हटले म्हणून गोड होत नाहीत. गंमत असते ती उरलेल्या दिवसात, आणि वर्षात सगळ्यात जास्त गंमत शरदात.

पावसाळ्यात आमच्याकडे चिखल आणि डास, उन्हाळ्यात गिरण्यांचा धूर आणि धग. आश्विन-कार्तिकात मात्र ऑक्टोबरच्या उन्हाचा चटका सोसायची तयारी असेल, तर बाहेर सारखं काहीतरी घडत असतं. मुलांच्या वहीत एका पानावर तारीख, तिथी आणि नक्षत्र लिहायचं, खाली जे दिसलं ते. चित्र काढलं तरी चालतं, दोन ओळी लिहिल्या तरी चालतं. अट एकच : जे पाहिलं तेच लिहायचं.

२७ सप्टेंबरच्या आसपास सूर्य हस्त नक्षत्रात जातो. आजी त्याला हत्तीचा पाऊस म्हणतात. हत्ती सोंडेने पाणी उडवतो तसा हा पाऊस, एका शेतात पडतो आणि शेजारच्या शेतात नाही. गेल्या वर्षी धाकट्याने गच्चीवर आणि कालव्याजवळ असे दोन डबे ठेवले होते. एका दुपारी गच्चीवरच्या डब्यात तीन बोटं पाणी साचलं आणि कालव्याजवळचा कोरडा ठणठणीत. "हत्ती आपल्या गच्चीवर आला होता," हे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं पहिलं वाक्य. त्यात 'हत्ती' चुकला होता. मी दुरुस्त केला नाही, आठवड्याने त्यानेच केला.

पाऊस ओसरायला लागला की उसाच्या शेतावर चतुर येतात, शेकड्याने. मुलं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. त्यातली पिवळसर तांबूस जात फार मोठी प्रवासी आहे. पावसाच्या डबक्यांत तिची पिल्लं वाढतात आणि पावसाळा संपला की वाऱ्यावर स्वार होऊन मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असं मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ मध्ये मांडलं. जाऊन परत यायची ही फेरी एका चतुराच्या आयुष्यात होत नाही. त्यात चार पिढ्या जातात, असा त्याचा अंदाज आहे. मोठीने पृथ्वीच्या गोलावर पलसाण्यापासून आफ्रिकेपर्यंत दोरा ताणला. धाकट्याने विचारलं, "पणतूला रस्ता कोण सांगतं?" याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि नाही हे मी त्याला सांगितलं.

मग येतो धोबी पक्षी. सडपातळ, करडा-पांढरा, चालताना सारखी शेपटी वरखाली करणारा. मराठीत त्याला परीटही म्हणतात. आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे त्याचं नाव याहून सुंदर आहे : दिवाळी घोडो. उत्तरेतून थंडीसाठी येतो, दिवाळीच्या सुमाराला अंगणात तुरुतुरु पळतो, म्हणून दिवाळीचा घोडा. शेजारच्या बांनी ते नाव मुलांना सांगितलं आणि आजींना ते इतकं आवडलं की आता त्याही तेच म्हणतात. मुलांच्या वहीत प्रत्येक पक्ष्याला दोन रकाने आहेत, मराठी नाव आणि गुजराती नाव. आपण दोन भाषांत राहणारी माणसं. मुलांना ते ओझं न वाटता दुप्पट भांडवल वाटावं, यासाठी मला पक्ष्यांइतकं सोपं साधन सापडलेलं नाही.

सोसायटीच्या फाटकाजवळ सातवीण आहे, सप्तपर्णी. ऑक्टोबरात संध्याकाळी तिचा वास असा सुटतो, की काहींचं डोकं दुखतं आणि काहींना घरी जावंसं वाटत नाही. मुलांनी ठरवलं की नाव 'सात' तर पानं मोजून बघायची. ४० झुबके मोजले. १७ ला सात पानं, ११ ला सहा, ७ ला आठ आणि ५ ला पाच. मोठीने त्याचे स्तंभ काढले. "म्हणजे नाव खोटं आहे का?" "नाही, जास्त वेळा सात आहेत ना, म्हणून खरं." बहुलक हा शब्द तिला पुढे पुस्तकात भेटेल, पण तो काय असतो ते तिला आता माहीत आहे.

ऊस आणि कास

पलसाणा म्हटलं की लोकांना गिरण्या आठवतात, पण आमचा तालुका उसाचाही आहे. जवळच चलथाणचा सहकारी साखर कारखाना, पलीकडे बारडोलीचा. मुलांचं भूगोलाचं पहिलं पुस्तक म्हणजे हा ऊसच.

बांधावर शरदात कास फुलतो, पांढरा शुभ्र, चवरीसारखा. पुढे उसाला तुरा येतो तेव्हा तोही तसाच दिसतो. मोठीने दोन्ही तुरे शेजारी ठेवून चित्र काढलं आणि म्हणाली, "हे भाऊबहीण आहेत." ती थट्टेत म्हणाली, पण ते अक्षरशः खरं आहे. ऊस आणि कास एकाच प्रजातीसमूहातले. कोईमतूरला १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र सुरू झालं, तिथे बार्बर आणि वेंकटरमण या शास्त्रज्ञांनी गोड, जाड पण नाजूक उसाचा संकर या रानटी, काटक कासाशी केला. त्यातून निघालेली 'को २०५' ही जात १९१८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली. आजही उसाच्या जातींच्या नावात 'को' दिसतं, उदाहरणार्थ को ८६०३२. तो 'को' म्हणजे कोईमतूर. ज्या गवताला शेतकरी तण म्हणून उपटतो, त्याचंच रक्त उसात आहे.

उसाला पाणी येतं काकरापारच्या कालव्यातून, म्हणजे तापीचं. एका रविवारी आजींनी जमिनीवर खडूने नदी काढली. अमळनेरची बोरी तापीला मिळते. तापी प्रकाशावरून पुढे उकाईच्या धरणात येते, तिथून काकरापार, तिथून कालवा, आणि कालवा आपल्या मागच्या शेतात. धाकटा कालव्याकडे बोट दाखवून म्हणाला, "म्हणजे हे आजीच्या गावचं पाणी?" आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही थोडा वेळ कामाच्या निमित्ताने आत गेले. खानदेशातून सुरतेला आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं की आपण गाव मागे सोडून आलो. पाणी मात्र आपल्या आधीपासून याच वाटेने येत होतं.

गुलाबाई आणि घारी

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे गुलाबाई बसते. पश्चिम महाराष्ट्रातल्या मैत्रिणींचा भोंडला किंवा हादगा, विदर्भाकडची भुलाबाई, तशी खानदेशात गुलाबाई. तुमच्याकडे जे नाव असेल ते, पण मुलांना यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं? झाकलेला खाऊ ओळखणं. आजींनी नियम केला आहे : खाऊ त्या ऋतूतलाच हवा. शिंगाडे, ओल्या भुईमुगाच्या शेंगा, काकडी, मक्याचं कणीस. ओळखणाऱ्याने प्रश्न विचारायचे : जमिनीखाली होतं का वर? पाण्यात? वेलीवर की झुडपावर? सोसायटीतली गुजराती, ओडिया मुलंही येतात. शिंगाडा पाण्यात होतो हे एका मुलाला पटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळी वरात तळ्यावर नेली.

कोजागिरीला आटीव दूध असतंच. मुलांकडे काम असतं मोजायचं. दोन लिटर दूध आटून किती उरलं आणि किती वेळ लागला ते. आणि दुसऱ्याच दिवशी सुरतेचा चांदनी पडवो : अख्खं शहर घारी आणि भुसू घेऊन गच्चीवर, रस्त्याच्या कडेला चांदण्यात बसतं. आपली कोजागिरी आणि त्यांचा पडवो, दोन रात्री लागोपाठ. दोन्ही रात्री मुलं चंद्र किती वाजता उगवला ते लिहितात. दुसऱ्या दिवशी तो उशिरा आणि जरा कापलेला. असे पंधरा दिवस चित्रं काढली की अमावास्येला दिवाळी का, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

लवकर उठणाऱ्यांसाठी आणखी एक. ऑक्टोबरच्या मध्यावर पहाटे पाचच्या सुमाराला गच्चीवरून दक्षिणेला बघा. क्षितिजापासून थोडा वर एक तेजस्वी पांढरा तारा दिसेल. तो अगस्ती. त्याच्या उदयानंतर गढूळ पाणी निवळतं, अशी जुनी समजूत आहे. आम्ही कालव्याच्या पाण्याची बाटली दर आठवड्याला भरून ओळीने ठेवली होती. भाद्रपदातली बाटली चहासारखी, कार्तिकातली जवळजवळ स्वच्छ. ताऱ्यामुळे की पाऊस थांबल्यामुळे, यावर घरात अजून वाद चालू आहे.

पडावातली मुलगी

आता जे सांगायचं ते जरा अवघड आहे.

दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात आणि उसतोडीला माणसं येतात, डांगमधून, नंदुरबार-धुळ्याकडून. शेताच्या कडेला त्यांचे पडाव पडतात. काठ्या, ताडपत्री, तीन दगडांची चूल. गेल्या वर्षी आमच्या मागच्या शेतात पडाव पडला आणि आठवड्यात मोठीची तिथल्या एका मुलीशी गट्टी जमली. साक्रीकडची, तिच्याच वयाची, कडेवर कायम लहान भाऊ.

त्या मुलीला जे येत होतं ते बघून मी थक्क झाले. आमच्या वहीत दोन वर्षांत जेवढी रोपं जमली होती, त्याहून जास्त तिने एका सकाळी दाखवली. कुठली भाजी खायची, कुठली नाही. बिळाच्या तोंडाशी ताजी माती आहे म्हणजे आत कोणीतरी आहे. टिटवीची अंडी कुठे असू शकतात आणि तिथून पाय कसे वळवायचे. निसर्ग-अभ्यास म्हणून आम्ही ज्याचं कौतुक करतो, ते तिचं रोजचं जगणं होतं.

एक दिवस तिने मोठीला विचारलं, "तू शाळामा काबर जात नही?"

मोठी म्हणाली, "माझी शाळा घरीच आहे. आई शिकवते."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, तिचं नाव गावच्या शाळेत तिसरीला आहे, पण दिवाळीनंतर फक्त नावच असतं. आणि तिच्या आईला शिकवता येत नाही.

मोठीने घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं आणि विचारलं, "आई, आम्ही दोघी शाळेत जात नाही. मग आम्ही सारख्या आहोत का?"

मी दोन वर्षं लोकांना घरशाळेबद्दल उत्तरं देत होते. अभ्यासक्रम, परीक्षा, मित्रमैत्रिणी, सगळ्यांची उत्तरं तयार होती. याचं नव्हतं. आम्ही शाळा सोडली, कारण आम्हाला ती सोडता आली. घरात पदवीधर आई, ठरलेला पगार, पुस्तकं, आजी. माझ्या मुलीने उद्या ठरवलं तर ती परत शाळेत जाईल. त्या मुलीची शाळा ऊस सोडवतो. "नाही," मी म्हणाले, "सारख्या नाही आहात. तुला शाळा नकोशी झाली होती. तिला हवी आहे."

हे बोलले खरी, पण त्यानंतर कितीतरी दिवस आमची सुंदर वही उघडताना मला थोडं अपराध्यासारखं वाटत राहिलं.

कोसबाडची टेकडी

डिसेंबरात आम्ही मुलांना घेऊन बोर्डी-कोसबाडला गेलो. सुरतेहून घोलवड काही फार लांब नाही, सकाळी निघून रात्री परत येता येतं. मुलांना समुद्र आणि चिकू हवे होते. मला ती टेकडी बघायची होती.

ताराबाई मोडक हे नाव आपल्यासारख्यांच्या घरात माहीत असायला हवं, कारण त्या आपल्यासारख्याच दोन्हीकडच्या. १८९२ मध्ये जन्मलेल्या या मराठी बाई गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या. गिजुभाईंनी १९२० मध्ये तिथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं होतं : मार नाही, भीती नाही, गोष्टी, खेळ आणि मोकळं फिरणं. पण बालमंदिरात येत ती बहुतेक बऱ्या घरची मुलं. मग ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर काम उभं केलं, वारली आदिवासी मुलांसाठी. अनुताई वाघ बोर्डीपासून त्यांच्या सोबत होत्या आणि त्यांच्यानंतरही ते काम करत राहिल्या. अनुताईंचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक मिळालं तर जरूर वाचा.

महागडी माँटेसरी साधनं तिथे परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर चालणारा 'अंगणवाडी' हा शब्द आपल्याला या कामाची आठवण करून देतो. पोरं गुरं राखायला जात, तर त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा. मुलगी धाकट्या भावंडाला सोडून येऊ शकत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, ती विकासवाडी.

हे मी पूर्वी वाचलं होतं. पण कडेवर भाऊ घेतलेली ती मुलगी बघितल्यानंतर वाचलं, तेव्हा कळलं. आम्ही घरशाळावाले बिया आणि पानं तेवढी उचलतो आणि म्हणतो, बघा, निसर्गातून शिक्षण. ताराबाई-अनुताईंच्या कामात बिया-पानं नंतरची. आधीचा प्रश्न होता, मूल येऊ शकत नसेल तर शाळा कुठे न्यायची?

आम्ही काही ताराबाई नाही. परत आल्यावर जे जमलं ते केलं. आठवड्यातून तीन संध्याकाळी, तोड संपल्यावर, पडावाच्या बाजूच्या बांधावर सतरंजी घातली. मुकादमाला आधी विचारलं, मुलांच्या आयांना विचारलं. पहिल्या दिवशी चार मुलं आली, नंतर कधी नऊ, कधी दोन. आजी अहिराणीतून गोष्ट सांगायच्या, मोठी अक्षरं गिरवून घ्यायची, मी पुस्तकं वाचायचे. धाकटा तान्ह्या बाळांना खुळखुळा वाजवून दाखवायचा. सगळं छान झालं असं नाही. मुलं दमलेली असत, काही बसल्याबसल्या झोपत. ती मुलगी मात्र वाचायला बसली की उठत नसे. तिने मोठीच्या वहीत ११ गवतांची नावं सांगून लिहून घेतली आणि बाराव्याचं स्वतः लिहिलं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी पडाव उठला होता. दुसऱ्या गावची तोड लागली म्हणे. चुलीचे दगड तेवढे तिथे होते. मोठी दोन दिवस नीट जेवली नाही.

या महिन्यात करून बघा

– मुलांना एक कोरी वही द्या. दर रविवारी तारीख, तिथी आणि पाहिलेली एक गोष्ट. शाळेत जाणाऱ्या मुलांनाही हे सहज जमतं.
– आपल्या इमारतीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आपटा आहे का शोधा. नसेल तर यंदा एकमेकांना रोप द्या.
– कोजागिरीपासून अमावास्येपर्यंत रोज चंद्राचं चित्र काढा. ढग असतील तर ढगाचं.
– आजी-आजोबांना त्यांच्या गावची नदी जमिनीवर काढायला सांगा आणि ती पुढे कुठे जाते ते मुलांना शोधू द्या.
– दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' मोठ्यांनी महिन्याला एक प्रकरण असं वाचा. आश्विनापासून सुरू केलं तरी चालेल.

आणि एक मागणं. कोजागिरीच्या कार्यक्रमाला येताना घरातली वाचून झालेली मराठी गोष्टींची, चित्रांची पुस्तकं घेऊन या. दिवाळीनंतर पडाव पडतील. पलसाणा, बारडोली, कामरेज, ज्याच्या घराजवळ पडाव असेल त्याने आठवड्यातली एक संध्याकाळ दिली तरी पुष्कळ. अहिराणी येणाऱ्या आजी-आजोबांना तर मी आत्ताच सांगून ठेवते, तुमची फार गरज आहे.

मोठी रोज विचारते, यंदा ती येईल ना? तिच्यासाठी तिने एक नवी वही बाजूला ठेवली आहे. मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मनातून मला वाटतं, तिने येऊ नये. दिवाळी संपल्यावर ती गावच्या शाळेत, चौथीच्या वर्गात बसलेली असावी आणि ती वही आमच्या कपाटात कोरीच राहावी.

आणि आलीच, तर सतरंजी तयार आहे.

दसऱ्याच्या आणि कोजागिरीच्या शुभेच्छा. भेटूच.